बालवाडीतल्या मुलांना ‘आधी ठरवा, मग करा’ कसं शिकवायचं?

शिंपला (प्रश्न)

बालवाडीचा वर्ग आहे. २२ मुलं, वय चार ते साडेपाच. मी आणि मदतनीस मावशी अशा दोघी. शाळा पावणेतीन तास. खोलीत चार कोपरे: ठोकळे, भातुकली, चित्र-चिकटकाम, कोडी-मणी. मोकळ्या खेळाआधी प्रत्येकाला “आज काय करणार?” आणि खेळानंतर “काय केलंस?” असं विचारायला या सत्रापासून सुरुवात केली. कल्पना पटते, पण वर्गात बसत नाही.

पहिला “ठोकळे” म्हणाला की पुढचे सगळे ठोकळेच म्हणतात. २२ जणांचं ऐकेपर्यंत वीस मिनिटं जातात, तोवर शेवटच्यांची ढकलाढकली सुरू झालेली असते. शिवाय ठरवतात एक आणि करतात भलतंच. अशा वेळी मुलाला परत वळवायचं का? पालकांचं म्हणणं, भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक आहे की, मग हे आणखी कशाला.

दुसरं म्हणजे दिवाळीआधी शाळेत किल्ला करायचाय. त्यात या वयाच्या मुलांना खरोखर काही ठरवायला देता येईल का? नाहीतर आम्ही करणार आणि मुलं मावळे मांडणार, इतकंच होतं.

पाटीपेन्सिल

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच. २२ जणांना एका गोलात बसवून तोच प्रश्न २२ वेळा विचारला जातोय. समोर वस्तू नसताना चार वर्षांचं मूल निवड करत बसत नाही, कानावर पडलेला शेवटचा शब्द उचलतं. ठोकळे हवेत म्हणून नव्हे, ताईंना काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून.

ही पद्धत मुळात अमेरिकेतली. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी १९६२ मध्ये पेरी प्रीस्कूल प्रकल्प सुरू झाला, त्यात डेव्हिड वायकार्ट आणि सहकाऱ्यांनी ती बसवली आणि पुढे ती हायस्कोप नावाने पसरली. तिथे एका शिक्षिकेमागे पाच-सहा मुलं होती. तुमच्याकडे अकरा आहेत. तिथली कृती जशीच्या तशी उतरवली तर ती कोलमडणारच, तेव्हा थोडी कापून घ्या.

अकरा-अकराचे दोन गट करा, एक तुमचा, एक मावशींचा. गट निदान महिनाभर बदलू नका. दोन्ही गट एकाच वेळी बसवा, पण खोलीच्या दोन टोकांना आणि कोपऱ्यांकडे तोंड करून. रोज गटातल्या फक्त पाच-सहा जणांशी नीट बोला, उरलेल्यांशी दुसऱ्या दिवशी. ज्यांची पाळी नाही त्यांनी आपली नावाची पट्टी (नाव आणि एक खूणचित्र) हव्या त्या कोपऱ्याच्या खुंटीला अडकवायची आणि सरळ खेळायला जायचं. सगळं मिळून आठ ते दहा मिनिटांत व्हायला हवं.

खुंट्यांचा हिशेब चुकवू नका. २२ मुलांना २२ खुंट्या ठेवल्या तर शेवटच्या मुलाला निवड उरतच नाही, उरलेली एक खुंटी घ्यावी लागते. बेरीज चार-पाचने जास्त हवी: ठोकळे ७, भातुकली ७, चित्र ६, कोडी ६, म्हणजे २६. ठोकळ्यांच्या सात खुंट्या भरल्या की तिथला प्रश्न तुमच्याशिवाय सुटतो, आणि “आज नाही तर उद्या पहिल्यांदा” हेही मुलं आपसांत ठरवायला लागतात.

प्रश्न तीनच: काय करणार? कशाने करणार? मग पुढे? “का?” विचारू नका. या वयात कारण नेमकं सांगणं बऱ्याचदा अवघड जातं आणि आपलं काहीतरी चुकलंय असं वाटून मूल बेतच बदलतं. उत्तराची पायरी ओळखा. बोट दाखवणं हाही बेत आहे. त्यानंतर नुसता शब्द येतो, “भातुकली”. मग वाक्य, “मी पोळ्या करणार”. मग दोन टप्पे, “आधी कणकेचे गोळे करणार, मग हिला जेवायला बोलावणार”. बोट दाखवणाऱ्याकडून एकदम दोन टप्प्यांची अपेक्षा धरली की तो गप्प होतो. त्याचं बोट पाहून आपण शब्द म्हणायचा, “अच्छा, तवा घेणार”, एवढंच. एकाचं ऐकून दुसरा तेच म्हणत असेल तर बोलायच्या आधी कोपऱ्यातली एक वस्तू आणायला सांगा. हातात वस्तू आली की उत्तर आपोआप वेगळं होतं.

ठरवलं एक आणि केलं दुसरं? परत वळवू नका. मात्र पट्टी हलवायला लावा: “बेत बदलला का? मग पट्टी तिकडे लाव.” पट्टी हलवताना मुलाला एक क्षण थांबावं लागतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. एखादं मूल दहा मिनिटांत चारही कोपरे फिरून आलं तर ते चंचल आहे असा शिक्का मारण्याआधी सामान तपासा. विमान करायचं ठरवलं आणि लांब ठोकळे दोनच असतील तर बेत तिथेच संपतो.

मोकळा खेळ किती वेळ देता? लिहिलं नाहीत. ४५ मिनिटं तरी हवीत. अर्ध्या तासात पहिला टप्पा होतो न होतो तोच आवरायची वेळ येते, आणि मग मुलं एका टप्प्याचेच बेत करायला शिकतात.

खेळानंतरची चर्चा खाऊ खाताना घ्या. भुकेली मुलं गोलात बसत नाहीत, आणि तोंडात घास असला की ऐकणंही बरं होतं. तीन-चार जण पुरेत. “ठरवलं होतंस ते केलंस का?” हा प्रश्न टाळा, त्याची परीक्षा होते आणि मूल खोटं बोलतं. “आधी काय केलंस? कुठे अडलं? मग काय केलंस?” असं विचारा.

वेळापत्रकाचा तक्ता असू द्या, पुढे काय येणार हे कळायला तो लागतोच. पण तो ताईंनी केलेला बेत आहे. पालकांना एवढं सांगितलं तरी पुरे.

रेघोटी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पाच वर्षांच्या पुढच्या आठ-दहा मुलांसाठी कागदावरचा बेत जोडता येईल. ‘टूल्स ऑफ द माइंड’ या कार्यक्रमात एलेना बोद्रोवा आणि डेबोरा लिओंग यांनी हे बसवलंय, विचार रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कीचा.

ए-४ कागदाचा चौथा भाग घ्या. वरच्या पाऊण भागात मूल स्वतःला काढतं, सोबत ज्याच्याशी खेळणार ती एक वस्तू. मग मूल वाक्य बोलतं आणि आपण खाली शब्दागणिक एक रेघ मारतो. “मी दुकानदार होणार आहे” म्हणजे चार रेघा, “मी”ची आखूड, “दुकानदार”ची लांबलचक. मूल प्रत्येक रेघेवर बोट ठेवत वाक्य म्हणतं. काही आठवड्यांनी रेघेवर पहिलं अक्षर लिहायला लागतं: मी, दु, हो, आ. इथे ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, आपण शुद्धलेखन घेत नाही आहोत.

हे बिघडतं ते दोन ठिकाणी. खडूंची पेटी समोर ठेवली की बेत राहतो बाजूला आणि वीस मिनिटं रंगकाम चालतं. एकच पेन्सिल द्या आणि पाच मिनिटांत उठवा. दुसरं म्हणजे कागद दप्तरात गेला की घरी त्याचा गृहपाठ होतो. कागद कोपऱ्यातल्या दोरीला कपड्यांच्या चिमट्याने लावायचा, म्हणजे खेळताना भांडण झालं तर “तुझा कागद काय म्हणतो?” असं विचारता येतं.

पुराव्याबद्दल कुणी विचारण्याआधीच सांगते. अ‍ॅडेल डायमंड आणि सहकाऱ्यांचा २००७ मधला ‘सायन्स’ या नियतकालिकातला लेख या कार्यक्रमाच्या बाजूने होता, नंतरच्या काही मोठ्या चाचण्यांत मात्र फायदा दिसला नाही. तेव्हा हा कागद म्हणजे जादू नाही. माझ्या मते त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे: कोणतं मूल किती टप्प्यांचा विचार करतंय हे शिक्षिकेला रोज डोळ्यांनी दिसतं.

मोकाट

चार वर्षांच्या पोरांना कसलं नियोजन शिकवताय? खेळू द्या की. मोठेपणी एक्सेल शीट भरायच्याच आहेत.

पाटीपेन्सिल

@मोकाट, खेळूच देतोय. दुकान-दुकान खेळताना “तू गिऱ्हाईक, मी दुकानदार, आधी पैसे आणायचे” हे ठरवल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. मुलं आपसांत ते करतातच, आपण फक्त ते मोठ्याने बोलायला जागा करून देतो. तुमची भीती एका बाबतीत खरी आहे: ठरवण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली आणि खेळ अर्ध्या तासाचा उरला, तर ते बंद केलेलं बरं.

गेरू_आणि_काव

किल्ल्याबद्दल लिहितो. उलटी मोजणी शिकवायला याच्याइतकं चांगलं काम वर्षभरात दुसरं मिळणार नाही, कारण किल्ल्यावरची हिरवळ कुणाच्या सांगण्याने लवकर उगवत नाही.

आधी शेवटचा दिवस ठरवा. इथे बहुतेक शाळा चुकतात. वसुबारस हा शेवट धरला जातो, पण सुट्टी आधीच लागलेली असते आणि हिरवळ पाहायला मुलंच नसतात. तुमचा शेवट म्हणजे सुट्टीपूर्वीचा शेवटचा शाळेचा दिवस.

त्याच्या तीन आठवडे आधी एका पसरट थाळीत माती घालून अळीव पेरा आणि कालनिर्णयच्या पानावर त्या चौकोनात बी चिकटवा. दुसऱ्या थाळीत मोहरी. रोज एक मूल चौकोनात काय दिसलं ते काढेल: काही नाही, पांढरं टोक, हिरवं पान. अळीव साधारण दोन-तीन दिवसांत फुटतो आणि पाच-सहा दिवसांत हिरवा दिसतो, मोहरीला एखाद-दोन दिवस जास्त. पण हे आकडे मुलांना सांगू नका, पानावरून मोजू द्या. थाळी तशीच ठेवा. दहा-बारा दिवसांनी रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात, म्हणजे फार आधी पेरूनही चालत नाही हे त्यांना दिसेल.

मग सहा चित्रपट्ट्या करा: गोळा करणं, रचणं, लिंपणं, पेरणं, रंगवणं, मावळे मांडणं. पट्ट्या विस्कटून द्या. रंगवणं लिंपण्याच्या आधी लावलं तर सुधारू नका, “रंगवल्यावर चिखल थापला तर रंग कुठे जाईल?” एवढंच विचारा. क्रम लागला की शेवटच्या दिवसाच्या चौकोनावर बोट ठेवून मागे मोजायला लावा, थाळीत जितके दिवस लागले तितके. शेवटचा दिवस शुक्रवार असेल आणि थाळीला सहा दिवस लागले असतील, तर बोट आधीच्या शनिवारी येतं. तिथे पेरणीची पट्टी. लिंपण गुरुवारी, रचणं बुधवारी, सोमवार-मंगळवार गोळा करण्याचे. रंग पेरणीनंतर, बुधवारच्या सुमारास, आणि तोही न पेरलेल्या भागाला: बुरूज, तटबंदी, पायऱ्या. ओल्या चिखलावर गेरू लावला तर ओघळतो आणि वाळल्यावर फिका पडतो.

मापं: ४ फूट बाय ३ फूट पाया. त्याचा घेर १४ फूट होतो, एका मुलाला उभं राहून हात घालायला पावणेदोन-दोन फूट लागतात, म्हणजे एका वेळी सात-आठ मुलं. २२ जणांच्या तीन तुकड्या झाल्या. एकदम सगळी सोडली तर मागच्या रांगेतली मुलं चिखल एकमेकांवरच वापरतात. उंची दीड-दोन फुटांच्या वर नको, मधे हात पोचत नाही. आतून विटा-दगड, त्यावर चिखलाच्या काल्यात बुडवलेलं गोणपाट, त्यावर लिंपण. नुसती काळी माती वाळताना तडकते, तिच्यात भुसा किंवा बारीक चिरलेलं वाळकं गवत कालवा. किल्ला पडवीत किंवा पत्र्याखाली करा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस एका रात्रीत सगळं सपाट करतो.

मुलांनी काय ठरवायचं? उंची, विटा, जागा हे मोठ्यांचं. तळं कुठे, पायऱ्या कुठल्या बाजूने, शेत कुठे, कुठे पेरायचं आणि कुठे रंगवायचं हे पूर्णपणे त्यांचं. रचण्याआधी मोठ्या पुठ्ठ्यावर दोऱ्याने आखून घ्या आणि तुकडीगणिक एकच गोष्ट ठरवायला द्या, नाहीतर तीन तळी होतात. (झाली तरी बिघडत नाही म्हणा.) सामानाची यादीही त्यांच्याकडून चित्रांत घ्या. पाणी बहुतेक वेळा यादीतून सुटतं. सुटू द्या. रचण्याच्या दिवशी माती कोरडीच राहिली की यादीत पाणी येईल.

आणि एक “तर” विचारायचा: “रविवारी शाळा बंद, मग पाणी कोण घालणार?” हा प्रश्न मुलांना आपणहून पडत नाही, विचारल्यावर मात्र उत्तरं भरपूर येतात. त्यातलं जमण्यासारखं म्हणजे शनिवारी पेरून झाल्यावर पाणी शिंपडून वर ओलं गोणपाट पांघरायचं आणि सोमवारी आल्या आल्या काढायचं. सोमवारी काढायला विसरलात तर कोंब पिवळे पडून वर चिकटतात. तेव्हा “गोणपाट काढणं” हीसुद्धा एक पट्टी करा. एका कामात असा एकच “तर” पुरे, तीन-चार विचारले की मुलांचा गोंधळ होतो.

शिंपला

सर्वांचे आभार. खुंट्या उद्याच वाढवते, आमच्याकडे बरोबर २२ आहेत. खेळ सध्या ३० मिनिटंच आहे, तोही वाढवावा लागेल.

दोन उपप्रश्न. एक मुलगा रोज “काहीच नाही” म्हणतो आणि मावशींच्या मागे मागे फिरतो. त्याचं काय करावं? आणि पालकांना घरी करायला काय सांगू? “पाच मिनिटांत आवर” म्हटलं तर ऐकत नाही, अशी सगळ्यांची तक्रार आहे.

उलट_मोजणी

“काहीच नाही” म्हणणाऱ्याला खुला प्रश्न विचारू नका. दोन वस्तू हातात धरा, “मणी का कात्री?” तरी गप्प राहिला तर मावशींना त्याच्यासमोर स्वतःचा बेत मोठ्याने बोलू दे: “मी आधी बशा पुसणार, मग रचणार. तू पुसणार का रचणार?” मोठ्यांच्या कामात सामील होणं हाही त्याचा बेत धरा. पट्टी मावशींच्या खुंटीला लागू दे. पंधरा दिवसांत काहीच फरक पडला नाही, आणि इतर वेळीही तो बोलणं-ऐकणं टाळत असेल, तर आधी कान तपासून घ्यायला पालकांना सुचवा. बऱ्याच “ऐकत नाही” मुलांना खरोखरच कमी ऐकू येत असतं, सर्दीने कान भरलेले असतात.

घरासाठी: या वयाला “पाच मिनिटं” म्हणजे किती ते कळत नाही. आकड्याऐवजी दिसणारी गोष्ट द्या. वाळूचं घड्याळ, नाहीतर भिंतीवरच्या घड्याळावर टिकली: “मोठा काटा टिकलीपाशी आला की चप्पल.” आणि “आवर” ही एक सूचना नाही, त्यात चार कामं दडलेली आहेत. चार वर्षांच्या मुलाला एका वेळी दोनच सांगा. दप्तर रात्री भरायचं ते आईने नव्हे. दाराच्या मागे डबा, पाण्याची बाटली, रुमाल, वही अशी चार चित्रं खालच्या उंचीवर लावा. मूल एकेक वस्तू आणून ठेवतं आणि त्या चित्रावर चिमटा लावतं. पहिले आठ-दहा दिवस शेजारी उभं राहावं लागतं, मग एक चित्र झाकून “आणखी काय राहिलं?” विचारता येतं. बाटली विसरली तर धावत नेऊन देऊ नका, पाणी शाळेत मिळतं.

सुट्टीच्या दिवशी भेळ करायला द्या. चौघांना चार वाट्या कुरमुरे, दोन उकडलेले बटाटे, एक कांदा, एक टोमॅटो, दोन-तीन चमचे चिंचेची चटणी, मूठभर शेव. इथे क्रमाला खरंच अर्थ आहे. चटणी आधी घातली तर माणसं जमेपर्यंत कुरमुरे मऊ पडतात. मुलाला दोन लहान वाट्यांत दोन्ही क्रम करून बघू द्या, एकीत चटणी आधी आणि एकीत शेवटी, आणि दहा मिनिटांनी चाखायला सांगा. बटाटे आधीच उकडून गार व्हायला हवेत हे पहिल्या वेळी त्याला सुचणार नाही. दुसऱ्या वेळी करायच्या आधी “मागच्या वेळी कशासाठी थांबलो होतो?” एवढं विचारा. सोलणं-चिरणं मोठ्यांनी करायचं, काय चिरायचं आणि कधी हे मुलाने सांगायचं.

शिंपला

भेळ शाळेतही घेता येईल. @गेरू_आणि_काव, अळीव किती आणू? आणि आदल्या रात्री भिजवायचे ना?

गेरू_आणि_काव

भिजवू नका. भिजवले की बुळबुळीत चिकट गोळा होतो आणि मुलांच्या बोटांना सगळे चिकटून येतात. माती आधी चांगली ओली करायची आणि वर कोरडं बी भुरभुरायचं, दाबायचंही नाही. निम्म्याच भागात पेरायचंय, तर ५० ग्रॅम पुरतील. थाळीच्या प्रयोगाला दोन चमचे वेगळे. मिठाच्या भोकाच्या डबीत घालून द्या, मुठीने पेरलं तर एकाच जागी ढीग पडतो. पाणी फवाऱ्याच्या बाटलीने, तांब्याने ओतलं तर बी वाहून खंदकात जातं.